मुठीतला केस

आमच्या लॅबमध्ये मला सगळे केसबाई म्हणायचे. म्हणजे तोंडावर 'बाई' आणि पाठ वळली की 'केसबाई'. यात दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक डोक्यावरचा केस, दुसरी कोर्टातली केस. एकतीस वर्षं मी पहिल्यावरून दुसरीचा निकाल लावत आले. 'बाई केसाने गळा कापतात' हा विनोद निदान चाळीस जणांनी माझ्यासमोर केला असेल, आणि प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय.

लोकांना वाटतं आमचं शास्त्र पुस्तकातून आलं. डोंबलाचं पुस्तक! आमचा एकेक नियम एकेका गाजलेल्या खुनातून आलाय, आणि तोही आम्ही तिथे तोंडावर आपटलो म्हणून. माझ्या आधीच्या पिढीत एका बाईला बाथरूममध्ये मारलं होतं. रक्ताने भिजलेला टॉवेल पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणला, तो आतल्या आत कुजला आणि नवरा सुटला. तेव्हापासून कपडे आधी वाळवायचे आणि कागदी पिशवीतच घालायचे. नव्या मुलांना ओरडायचं झालं तर आमच्याकडे एवढंच म्हणतात, "टॉवेल करू नकोस." आणखी एका प्रकरणात मेलेल्याचा कोट आणि आरोपीचा कोट एकाच टेबलावर लागोपाठ उघडले, एकाचे धागे दुसऱ्यावर गेले आणि भलताच माणूस आत गेला. तेव्हापासून दोन खोल्या, दोन टेबलं, दोन माणसं. त्याला आम्ही म्हणायचो 'जोडकोट'. मेलेल्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, पण त्यांच्यावरून पडलेले हे शब्द दिवसभर आमच्या तोंडात असायचे. मला ते आवडायचं. वाटायचं, चला, गेलेल्या माणसाचा कुणालातरी उपयोग झाला.

आता माझ्या केसबद्दल सांगते.

एकवीस वर्षांपूर्वी एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका मुलीचा खून झाला. टेलिफोन ऑफिसात कामाला होती, सव्वीस वर्षांची, एकटीच राहायची. कात्रीने भोसकलं होतं. कात्री सापडली नाही. समोरच्या खोलीत एक शिंपीण राहायची. आदल्याच दिवशी ड्रेस बिघडवला म्हणून दोघींचं जिन्यात कडाक्याचं भांडण झालेलं, अख्ख्या इमारतीने ऐकलेलं. शिंपीण, कात्री, भांडण. वर्तमानपत्रवाल्यांना आणखी काय हवं? आठ दिवस पहिल्या पानावर तिचंच तोंड. पुरावा म्हणाल तर काही नाही. तिच्या घरात सात कात्र्या निघाल्या आणि सातही स्वच्छ.

प्रेताच्या हातांना जागेवरच कागदी पिशव्या बांधतात आणि नंतर त्या काढून आमच्याकडे पाठवतात. उजव्या हाताची पिशवी मी उघडली, पांढऱ्या कागदावर झटकली, आणि कागदावर एक केस दिसला. वीतभर लांब, मुळाकडे पांढरा, टोकाकडे काळपट. लक्षात घ्या, कागदावर. माझ्या वहीत तसंच लिहिलंय, 'पिशवी उघडली, कागदावर एक केस.' अहवालात त्याचा झाला 'हाताच्या पिशवीतून मिळालेला केस'. वर्तमानपत्रात झाला 'मुठीतला केस'. मग कोर्टात सगळे तेच म्हणायला लागले आणि त्यांचं ऐकून मीही म्हणायला लागले. त्या पोरीने मूठ वळलीच नव्हती, ती आम्ही सगळ्यांनी मिळून वळवली.

शिंपिणीच्या डोक्याचे पंचवीस केस माझ्याकडे आले होते. दोन दिवस मी तेच बघत होते. तिसऱ्या दिवशी हा केस मायक्रोस्कोपखाली घेतला आणि खरं सांगते, तो मला ओळखीचा वाटला. आपल्या माणसाची चाल लांबून ओळखू यावी तसा. मी म्हटलं, वाटणारच, दोन दिवस ह्याच डोक्याचे केस बघतेय की मी.

तरी अहवालात मी जपूनच लिहिलं. 'तुलनेत फरक आढळला नाही.' याचा अर्थ एवढाच की फरक मला दिसला नाही. कोर्टात सरकारी वकील उभा राहिला. "म्हणजे जुळतो?" मी म्हटलं, फरक आढळला नाही. "बाई, साध्या भाषेत सांगा. जुळतो की नाही?" मी पुन्हा तेच म्हटलं. पाच वाजत आले होते. घरी आई अंथरुणावर होती, आणि तिच्याजवळ बसणारी शेजारीण साडेपाचच्या पुढे एक मिनिट थांबायची नाही. त्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि माझं डोकं फिरलं. "हो हो, जुळतो!" म्हणाले मी. अहो, जुळणं हा लग्नाचा शब्द, केसाचा नव्हे. पण म्हणाले. पिंजऱ्यात उभी असलेली शिंपीण तिची वेणी पुढे ओढून तिच्याकडे बघत राहिली, वेणी दुसऱ्याच कुणाची असावी तशी. तिला जन्मठेप झाली. मी साडेपाचच्या आत घरी पोचले.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊन पाच झाली. गेल्या वर्षी एका सकाळी दहा वाजता बेल वाजली आणि दारात चिमटी.

चिमटी म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी. हातात कायम चिमटा आणि अंगानेही तशीच, म्हणून चिमटी. आता ती केसांच्या विभागाची मुख्य आहे. मला आनंद झाला. चहा टाकला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"बाई, शिंपिणीचा केस पुन्हा तपासला."

"का? काम कमी पडलं का तुम्हाला?"

"तिच्या भाच्याने कोर्टात अर्ज केला होता. आता नुसत्या केसातूनही डीएनए काढता येतो, आईकडून मुलांना जातो तो. बाई, तो केस तिचा नाही."

मग कुणाचा, असं विचारायला हवं होतं. पण तोंड कुठे ऐकतंय? "मग सुटली म्हणायची. चांगलं झालं. चहा घे."

"नाही ना सुटत. सरकारी वकील म्हणतात, तिचा नसेल तर तिच्याबरोबरच्या दुसऱ्या बाईचा असेल. त्यात तिने शिक्षेच्या नवव्या वर्षी तुरुंगात कबुली दिलीय. तो केस मुलीच्या हातात कुठून आला, हे समजल्याशिवाय कोर्ट तिला सोडणार नाही. एकोणसत्तर वर्षांची आहे ती. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही."

"कबुली दिलीय म्हणतेस ना? मग प्रश्नच मिटला."

चिमटीने पर्समधून एक काचेची नळी काढली, आत गालातून नमुना घ्यायची, कापूस लावलेली काडी होती. ती टेबलावर ठेवली. "लॅबमधल्या सगळ्यांचे नमुने आता आमच्या यादीत असतात. कुणाचाच लागला नाही. तुम्ही यादी सुरू व्हायच्या आधी निवृत्त झालात." तिने नळी माझ्याकडे सरकवली. "बाई, शिकत होते तेव्हा मी सकाळी तुम्हाला घ्यायला यायचे. तुम्ही आजींची वेणी घालत असायचात. राखाडी स्वेटर घालून. आणि लॅबमध्ये गारठा म्हणून त्याच स्वेटरवर पांढरा कोट चढवायचात."

ते खरं होतं. खुनाच्या दोन वर्षं आधी आईचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. तिचे केस कमरेपर्यंत होते. कापू या म्हटलं की लहान पोरासारखी रडायची, "मेले की काप" म्हणायची. मग रोज सकाळी विंचरणं माझ्याकडे आलं. गुंता निघता निघत नसे, केस मधेच तुटायचे. मी चिडायचे, ती कुरकुरायची, आणि माझ्या बाहीला केस लागायचे ते मी जाता जाता झटकायचे. सगळे झटकले जात होते, असं मी मानून चालले होते.

"चालती हो," मी चिमटीला म्हणाले. "माझ्या मेलेल्या आईला खुनाच्या फायलीत घालतेस? तुला अक्षर गिरवायला मी शिकवलं आणि तू माझ्याच घरात मला आरोपी करतेस?"

ती रडली नाही. उठली, चप्पल घातली. "बाई, तुम्हीच शिकवलंत की आपल्याला आवडेल तसं उत्तर आलं तर दोनदा बघायचं," म्हणाली आणि गेली. नळी टेबलावरच राहिली.

दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे लॅबचे प्रमुख, अत्यंत गोड माणूस, आणि गोड माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते. "बाई, सक्ती काही नाही हं. निवृत्त माणसावर कोण सक्ती करणार? पण विचार करा. तुमच्या हाताखालून चारशे बारा केसेस गेल्यात. ही एक उघडली की सगळ्या उघडतील. वखारवाला आठवतो ना?"

वखारवाला न आठवायला काय झालं! तीन बायका मारल्या होत्या मेल्याने, लाकडाच्या वखारीत. माझ्याच टेबलावरच्या एका केसावर तो आत आहे. "तो बाहेर आला तर?" साहेब म्हणाले. "आणि हिने तर स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय." मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिने कबूल केलंय, हे वाक्य मी दिवसभर घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून घरात केस सापडायला लागले.

पहिला साबणावर. मग पाण्याच्या बाटलीच्या गळ्याशी. मग पेपरच्या घडीत. मग उशीच्या अभ्र्यावर. सगळे मुळाकडे पांढरे, टोकाकडे काळपट. आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. मधल्या काळात घराला दोनदा रंग लागला, तिची गादी दिली, कपडे दिले, फणीसुद्धा फेकली. मग हे केस कुठून येतायत? मी एकेक उचलून काचपट्टीवर चिकटवत गेले, तारीख आणि जागा लिहीत गेले. हाताची सवय, दुसरं काय! चौदा दिवसांत सतरा झाले. नळ बंद केला की बाथरूममधून आईचा आवाज यायचा, "झालं का गं विंचरून?" मी "झालं" म्हणायचे. भरदिवसा, एकटी, रिकाम्या घरात मी 'झालं, झालं' करत फिरत होते.

आणि फोन. रोज सकाळी अकराच्या सुमारास वाजायचा. उचलला की पलीकडे कुणी नाही, नुसता श्वास. चुकीचा नंबर असेल, यंत्राने लागत असेल, असं मी स्वतःला दहादा समजावलं. पण मेलेली मुलगी टेलिफोन ऑफिसात होती ना! एका सकाळी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "अगं बोल की. कुणी मारलं तेवढं सांग, म्हणजे मी सुटते." पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर तो पुन्हा कधी वाजला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती बसली.

निवृत्त होताना लॅबच्या मुलांनी मला एक छोटा मायक्रोस्कोप भेट दिला होता. तो कपाटावरून काढला, पुसला, खिडकीशी ठेवला. सतरातली एक काचपट्टी घातली. केसाच्या मधली नळी तुटक तुटक, शिवणीच्या टाक्यांसारखी. रंगाचे कण सगळे एका अंगाला सरकलेले. मी डोळा काढून घेतला आणि पुन्हा लावला. ओळखीचा. तस्साच ओळखीचा.

मग मी माझ्या डोक्यातला एक केस उपटला आणि शेजारी ठेवला. तोच. मुळाकडे पांढरा, टोकाकडे काळपट. भूतबीत काही नव्हतं हो. सतराही केस माझेच होते. मी त्रेसष्ट वर्षांची झाले होते, खुनाच्या वेळी आई होती त्याच वयाची, आणि माझं डोकं तिच्यासारखं झालं होतं, एवढीच गोष्ट. एकवीस वर्षांपूर्वी मी त्या काचेतून माझ्या आईकडे बघितलं, तिला ओळखलंसुद्धा, आणि तिला शिंपीण म्हटलं. मी खिडकीशी बसून हुंदके देऊन रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

चिमटीला फोन केला. "ये. आणि दोन साक्षीदार घेऊन ये, ती टेबलावरची नळी उघडी पडलीय, नवीन आण. नाहीतर पुन्हा टॉवेल करशील."

"आलेच बाई," म्हणाली.

अहवाल पंधरा दिवसांत आला. तो केस माझ्या आईच्या वंशातल्या कुणाचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं चिमटीने लिहिलं होतं. एक पान, आणि त्यात 'जुळतो' हा शब्द कुठेही नाही. कोर्टात मी पुन्हा उभी राहिले. यावेळी कुणी घाई केली नाही. केस मुठीत नव्हता, कागदावर होता, आणि माझ्या बाहीवरून तिथे पडला असावा, असं मी सांगितलं. माझी जुनी वही दाखवली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तेव्हा हे का नाही सुचलं?" मी म्हटलं, "आईचा केस खुनाच्या कागदावर असेल, असं कुणाच्या मनात येतं?" मागे कुणीतरी हसलं. पुढच्या मंगळवारी शिंपीण सुटली.

साहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चारशे बारा केसेस तपासायला समिती बसली. वखारवाल्यानेही अर्ज केलाय. तो सुटला तर काय, मला माहीत नाही. रोज पेपर उघडला की आधी त्याचीच बातमी शोधते. त्या मुलीला ज्याने खरंच मारलं तो तर कुठेतरी आरामात केस कापून घेत असेल, त्याला कुणी शोधलंच नाही, कारण आम्हाला आमचं उत्तर मिळालं होतं. लॅबमध्ये नवा नियम झालाय. कामावर येणाऱ्याने घरातल्या प्रत्येकाचा नमुना द्यायचा, आणि घरचा कपडा दाराच्या आत आणायचा नाही. चिमटी सांगत होती, नवी पोरं एकमेकांना म्हणतात, "बाईंची आई करू नकोस." आईने हे ऐकलं असतं तर डाव्या हाताने मला झोडपलं असतं.

शिंपीण सुटल्यावर महिन्याभराने मी तिच्याकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. ती भाच्याकडे राहते, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. भाच्याने दार उघडलं, मला ओळखलं आणि क्षणभर वाटलं, हा आता तोंडावर दार आपटणार. आपटायलाच हवं होतं. पण आतून आवाज आला, "येऊ दे." तो खाली निघून गेला.

ती पलंगावर बसली होती. केस तुरुंगात बारीक कापलेले. डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला. मी माफीचं वाक्य पाठ करून गेले होते. ते बाजूलाच राहिलं. समोरच्या स्टुलावर बसले आणि नुसती बोटं मोडत राहिले.

"तुम्ही त्याच ना?" ती म्हणाली. "जुळतो म्हणालेल्या?"

"हो."

"बरं झालं आलात. मला एक विचारायचं होतं. वकिलाला विचारलं, भाच्याला विचारलं, पण ते काय, आपलेच. तुम्ही खरं सांगाल." ती जरा पुढे वाकली. "मी नाही ना मारलं तिला?"

मला आधी कळेचना. "नाही हो. तुमचा केसच नव्हता तो. माझ्या आईचा होता."

"नक्की?"

"नक्की." मग मला राहवलं नाही. "पण तुम्ही नवव्या वर्षी कबूल का केलंत?"

"तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मी सुटले असते. "यंत्रातून बघून सांगितलंत, तिच्या मुठीत माझा केस आहे. आधी मला वाटायचं, ह्यांचं चुकलंय. मग वाटायला लागलं, यंत्र कशाला खोटं बोलेल? मीच रागाच्या भरात गेले असेन, मारलं असेल, आणि डोक्यातून निघून गेलं असेल. तसा राग आला होताच मला त्या दिवशी. मग हळूहळू दिसायलाच लागलं. कात्री, तिचा हात, माझे केस धरून ओढत होती ते. सगळं दिसायचं. म्हटलं, आता आठवतंय तर कबूल करावं."

खाली लाँड्रीतल्या मशीन्स घरघरत होत्या.

"रोज सकाळी उठल्यावर तिची माफी मागायचे," ती म्हणाली. "आज सकाळीही मागितली."

"आता नका मागू. तुम्ही काही केलं नाहीत."

"ते कळतंय हो मला. पण दिसतं ना अजून. ते कसं घालवायचं, तुमच्या शास्त्रात आहे का काही?"

मी म्हटलं, "नाही."